ग्रिप मोजताना आधी बसणं बघ

अरे, डायनामोमीटर, म्हणजे हाताच्या पकडीचा (ग्रिपचा) जोर मोजायचं यंत्र, हातात आलं की लगेच "दाबा" म्हणायची घाई करू नकोस. आधी पेशंटला खुर्चीत नीट बसव, पाय जमिनीला टेकलेले, दंड अंगाजवळ, कोपर ९० अंशात, अंगठा वरच्या बाजूला, मनगट जरासं मागे वाकलेलं, साधारण ० ते ३० अंश. लोक जोर लावताना हळूच कोपर सरळ करतात नाहीतर खांदा उचलतात, तेव्हा नजर काट्यावर नको, हातावर ठेव.

जामार ब्रँडच्या डायनामोमीटरचं हँडल दुसऱ्या खाचेवर ठेव, आणि बदललंच तर लिहून ठेव, नाहीतर पुढच्या वेळचा आकडा कशाशी ताडून बघणार? तीन वेळा घे, मधे थोडी विश्रांती दे, सरासरी काढ. दर वेळी लाल काटा, म्हणजे सगळ्यात जास्त जोराच्या आकड्यावर थांबून राहणारा, शून्यावर आणायचा, हे भल्याभल्यांचं राहतं बरं का.

सूचना पण दर वेळी त्याच शब्दांत, त्याच आवाजात दे, एकदा "दाबा" नि एकदा "अजून जोरात, अजून!" असं केलंस तर आकडा तुझ्या ओरडण्याचा येतो, पेशंटच्या ताकदीचा नाही. फेरतपासणीला शक्यतो तेच यंत्र वापर, कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्र बरोबर आकडा दाखवतंय ना याची तपासणी, वेळच्या वेळी करून घे. आणि दुखत असेल तर आकड्याशेजारी तसं लिही.