वाचकांचे प्रश्न : कुत्र्याला शिकवताना

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये पिल्लांबद्दलचे प्रश्न जास्त होते. बहुतेकांचा सूर एकच होता, "सांगून सांगून थकलो, ऐकतच नाही." कुत्रं सांगण्यापेक्षा मिळण्याकडे बघतं. ज्या कृतीनंतर त्याला काहीतरी हवंसं मिळालं, ती कृती ते पुन्हा करतं. खालची उत्तरं वाचताना दर वेळी एवढंच बघा की आपल्याकडून त्याला नेमकं कशाचं बक्षीस जातंय.

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर चार महिन्यांचा आहे. 'बस' म्हटलं की कधी बसतो, कधी नुसता बघत राहतो. हातात बिस्कीट असलं तर मात्र लगेच बसतो. (ठाणे)

उत्तर : आधी शब्द बदला. मराठी घरात 'बस' हा शब्द दिवसभर कानावर पडतो. पाहुण्याला 'बस ना', मुलाला 'अभ्यासाला बस', पानात वाढताना 'बस बस, पुरे'. पिल्लाने यातला आपला कुठला समजायचा? 'खाली'चंही तेच. सोफ्यावरून उतरायलाही 'खाली' आणि आडवं पडायलाही 'खाली'. बसण्यासाठी 'सिट' किंवा 'बैठ', आडवं होण्यासाठी 'झोप', उतरण्यासाठी 'उतर' असे वेगळे शब्द ठरवा, कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा आणि घरातल्या सगळ्यांनी तेच वापरा.

आता कृती. वाटाण्याएवढा खाऊ तीन बोटांत धरून त्याच्या नाकापाशी न्या. तिथून हात हळूहळू डोक्यावरून, दोन कानांच्या मधून मागे सरकवा. नाक वर गेलं की मागचा भाग आपोआप खाली टेकतो. टेकला त्याच क्षणी जिभेने 'टॉक्' असा आवाज काढा आणि लगेच खाऊ द्या. या आवाजाचा अर्थ त्याच्यासाठी एकच, 'हेच बरोबर, खाऊ येतोय'. पहिल्या दिवशी काहीही न करायला लावता नुसतं 'टॉक्' आणि खाऊ, असं पंधरा-वीस वेळा केलं की हा अर्थ पक्का होतो.

इथे दोन चुका हमखास होतात. हात चार बोटं जास्त वर गेला की पिल्लू मागच्या पायांवर उभं राहतं. हात भराभर मागे नेला की ते बसण्याऐवजी मागे चालत जातं. अशा वेळी त्याची पाठ भिंतीकडे ठेवा. तिसरी चूक वेळेची. खाऊ शोधायला खिशात हात घालेपर्यंत पिल्लू उठलेलं असतं. मग बक्षीस बसण्याचं न राहता उठण्याचं होतं.

बिस्कीट दिसलं तरच बसतो, याचं कारण म्हणजे बिस्कीट हातात फार दिवस राहिलं. पाच-सहा वेळा जमलं की रिकाम्या हाताने तोच इशारा करा आणि खाऊ दुसऱ्या हाताने, पाठीमागच्या डबीतून द्या. ते जमल्यावर शब्द आणा. आधी शब्द, मग सेकंदभर थांबून इशारा. दोन्ही एकदम केलंत तर कुत्रं हाताकडे बघतं आणि शब्द वाया जातो. शब्द एकदाच उच्चारा. 'सिट सिट सिट' म्हणत राहिलात तर तिसऱ्या वेळेलाच बसायचं असतं, असं ते शिकतं.

जेवणाआधी तीन मिनिटं, दिवसातून तीन वेळा एवढा सराव भरपूर झाला. दहापैकी आठ वेळा बरोबर आलं की जागा बदला. आधी गॅलरी, मग जिना, मग इमारतीखाली. हॉलमध्ये शिकलेलं खाली चालत नाही, हा हट्टीपणा नव्हे. नव्या जागी त्याच्यासाठी धडाही नवाच असतो, म्हणून तिथे पुन्हा पहिल्यापासून आणि भरपूर खाऊ देऊन सुरुवात करा.

प्रश्न : खाऊ म्हणून काय द्यावं? (जळगाव)

उत्तर : मीठ-मसाल्याशिवाय उकडलेलं चिकन, पनीर, गाजर, उकडलेला लाल भोपळा यांचे बारीक तुकडे. घरात सोपं काम असेल तर त्याच्या रोजच्या जेवणातले दाणेही चालतात. रस्त्यावर, गोंगाटात मात्र चिकनच लागेल. दिवसभरातल्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त खाऊ नको, आणि तेवढं जेवण कमी करा. चॉकलेट, द्राक्षं, कांदा, लसूण आणि झायलिटॉल घातलेलं शुगर-फ्री च्युइंगम कुत्र्यांना विषारी आहे. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेही त्यातच आले. बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

प्रश्न : दहा आठवड्यांचं पिल्लू, सातव्या मजल्यावर फ्लॅट. लसी पूर्ण नाहीत म्हणून खाली नेत नाही. घरभर शू करतं. नाक त्यात घासून पाहिलं, फिनेलने पुसलं, फरक नाही. (पुणे)

उत्तर : नाक घासणं आजपासून बंद करा. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं, आणि पुढे पट्टा लावून खाली नेल्यावर तुमच्यासमोर करतच नाही. घरी आल्यावर करतं. 'त्याला चूक कळते, तोंड पाडून बसतं' असं वाटतं खरं, पण ते पाडलेलं तोंड तुमच्या चढलेल्या आवाजाला दिलेलं उत्तर असतं.

या वयात जागेपणी दोन तासांपेक्षा जास्त वेळ शू धरता येईल अशी अपेक्षा ठेवू नका. झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर दहा-वीस मिनिटांत, खेळ थांबला की लगेच, आणि एरवी दर तासाला पट्टा लावून ठरलेल्या जागी न्या. गॅलरीचा कोपरा किंवा न्हाणीघर चालेल. तिथे वर्तमानपत्र, पॅड किंवा कृत्रिम गवताचा ट्रे ठेवा. तिथे नेऊन गप्प उभे राहा, पाच मिनिटं. शू पूर्ण झाल्यावर 'टॉक्' आणि खाऊ तिथल्या तिथे. अर्ध्यातच कौतुक केलंत तर ते धार तोडून तुमच्याकडे धावतं आणि उरलेली गादीवर होते. काहीच केलं नाही तर मोकळं सोडू नका. जवळ बांधून ठेवा आणि दहा मिनिटांनी पुन्हा न्या. जमिनीचा वास घेत गोल गोल फिरू लागलं की उचलायची वेळ झाली. रात्री एकदा गजर लावून उठावं लागेल, काही आठवडेच.

फिनेलचा वास आपल्याला छान वाटतो, पण खालचा लघवीचा वास कुत्र्याच्या नाकाला तसाच येत राहतो. अमोनिया असलेलं द्रावण तर त्याला लघवीसारखंच वाटतं. आधी जुन्या कापडाने दाबून टिपा, पाण्याने पुसा, मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसा. प्राण्यांच्या डागांसाठी मिळणारं एन्झाइमचं क्लीनर त्याहून चांगलं. व्हिनेगर संगमरवरावर लावू नका, डाग पडतो.

लसींबद्दल एक महत्त्वाचं. कोर्स साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतो, आणि जग ओळखीचं करून घेण्याचा पिल्लाचा काळ तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात असतो. दोन्ही एकमेकांसाठी थांबत नाहीत. जमिनीवर सोडू नका, पण कडेवर घेऊन रोज खाली न्या. रिक्षा, हेल्मेट घातलेला माणूस, भाजीवाल्याची हाक, लिफ्टचं दार हे सगळं खाऊ देत देत दाखवा.

प्रश्न : कुत्रा दारात येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर उड्या मारतो. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, पडतील अशी भीती वाटते. ढकललं तर जास्तच करतो. (सांगली)

उत्तर : ढकलणं हा त्याच्यासाठी खेळ आहे, आणि 'नाही, नाही' म्हणत त्याच्याकडे बघणं हे बक्षीस. उडी मारली की माणूस हात लावतो, बोलतो, म्हणजे उडी फळते.

बेल वाजली की आधी पट्टा, मग दार. पट्टा जमिनीवर सोडून त्यावर पाय ठेवा. लांबी एवढी असू द्या की त्याला आरामात उभं राहता येईल, उडी मात्र घेता येणार नाही. पाहुणा आत येता येता चार-पाच दाणे जमिनीवर टाका. तोंड खाली असलं की उडी नाही. चारही पाय जमिनीवर असतानाच त्याला हात लावायचा. पाय उचलले की हात मागे आणि पाठ त्याच्याकडे. सुरुवातीचे काही दिवस उड्या वाढतील, कारण जे इतके दिवस चाललं ते आता का चालत नाही म्हणून तो जास्त जोर लावतो. नेमक्या त्याच दिवसांत घरातलं कुणीतरी कंटाळून सोडून देतं किंवा एखादा पाहुणा म्हणतो, 'असू दे हो, मला आवडतं.' तो एक पाहुणा सगळं मागे नेतो. त्याला दारातच नम्रपणे सांगा.

आजींवर सराव करू नका. घरातल्या धडधाकट माणसांसोबत पक्कं झाल्यावर, आजी भिंतीकडच्या खुर्चीत बसलेल्या आणि कुत्रा पट्ट्यात, अशी सुरुवात करा.

प्रश्न : शेकहँड कसं शिकवायचं? (मुंबई)

उत्तर : खाऊ मुठीत बंद करून मूठ जमिनीजवळ धरा. तो हुंगेल, चाटेल, शेवटी पंजा मारेल. पंजा लागला की 'टॉक्', मूठ उघडा. पुढे रिकामा तळहात, मग शब्द. शिकल्यावर तो न मागताच पंजा देत फिरेल. तेव्हा न मागितलेल्या पंजाला काहीही देऊ नका. एक सूचना, डॅक्सहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याला मागच्या पायांवर उभं करू नका, आणि मोठ्या जातीच्या पिल्लाला हाडं पक्की होईपर्यंत, म्हणजे सव्वा-दीड वर्षापर्यंत, उंच उड्यांचे खेळ नकोत.

प्रश्न : शेतावर कारवान जातीचा शिकारी कुत्रा आहे. ससा दिसला की सुटतो, हाका मारल्या तरी येत नाही. परत आल्यावर दोन फटके दिले तरी सुधारणा नाही. (लातूर)

उत्तर : फटके बसले ते परत येण्याबद्दल. पळाल्याचा आणि फटक्याचा संबंध त्याला लागत नाही. आता तुमच्या हाकेचा अर्थ 'मार' असा झालाय, म्हणून नवी हाक निवडा. नाव नको, शिट्टी उत्तम.

दहा मीटरची जाड सुती दोरी घ्या. नायलॉनने हात सोलतात. ती गळ्यातल्या पट्ट्याला बांधू नका. वेगात गेलेला कुत्रा दोरीच्या टोकाला हिसका खातो, तो मानेला बसतो, म्हणून छातीभोवती बसणारा पट्टा, म्हणजे हार्नेस हवा. शांत जागी, तो दोन-तीन मीटरवर असताना शिट्टी द्या आणि स्वतः उलट दिशेला धावा. तो मागे येईल. आला की चिकनचे पाच-सहा तुकडे एकामागून एक, आणि लगेच पुन्हा मोकळं सोडा. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. हाक आली म्हणजे फिरणं संपलं, असं झालं की कुत्रं येणं टाळतं. दहा हाकांतल्या नऊ वेळा पुन्हा सोडायचं. येणार नाही हे दिसत असताना शिट्टी वाजवू नका.

मात्र कारवान ही नजरेने हेरून पाठलाग करणारी जात आहे. समोर ससा पळताना खाऊची किंमत शून्य होते. रस्त्याजवळ, शेळ्यांच्या कळपाजवळ दोरी राहू द्या, कितीही शिकला तरी. शिवाय ससा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे.

प्रश्न : सहा वर्षांचा मुलगा जवळ गेला की कुत्रा जेवताना गुरगुरतो. यजमान ताट काढून घेऊन रागावतात. (मडगाव)

उत्तर : मुलगा आणि जेवणारा कुत्रा एका खोलीत नकोत. हे आजपासूनच, आणि सराव कितीही पुढे गेला तरी. गुरगुरणं ही सूचना आहे. ती ओरडून बंद केलीत तर भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी सूचनेशिवाय चावा येतो. ताट काढून घेतल्याने तर त्याचा संशय खरा ठरतो.

मोठ्या माणसाने दोन मीटरवरून जाता जाता ताटात चिकनचा तुकडा टाकायचा आणि न थांबता निघून जायचं. दोन-तीन दिवसांनी वीतभर जवळ. अंग ताठ झालं, तो एकदम भराभर गिळू लागला किंवा डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, तर आधीच्या अंतरावर परत या. तुम्हाला येताना बघून तो शेपूट सैल हलवत वर बघू लागला की काम जमतंय. एकदाही दात लागला असेल तर घरी प्रयोग नकोत. पशुवैद्याला दाखवा, कारण दात, कान, सांधे दुखत असले तरीही कुत्रा असा वागतो.

दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि जाताना त्याचं लसीकरणाचं कार्ड सोबत न्या.