एफडी मोडून रुग्णालयाविरुद्ध तक्रार करावी का?

नाशिकहून एका ताईंनी लिहिलं आहे. वय ३१. चार महिन्यांपूर्वी, ३६व्या आठवड्यात त्यांचं बाळ गेलं. हालचाल कमी वाटते असं त्यांनी दुपारपासून सांगितलं होतं. त्यांच्या म्हणण्यानुसार बाळाचे ठोके तपासायला कुणी आलं ते थेट रात्री. खासगी रुग्णालयाचं बिल ८४,००० रुपये झालं. आता रुग्णालय म्हणतं, बिल परत करतो, वर ५०,००० देतो, 'आमची काही तक्रार नाही' एवढं लिहून द्या. एका वकिलांनी ६०,००० आगाऊ आणि भरपाईतले २० टक्के मागितले आहेत. घरात साडेतीन लाखांची एफडी आहे. यजमानांचा पगार ३८,००० आणि घरकर्जाच्या हप्त्यासह महिन्याचा खर्च ३४,०००. ताईंचा पगार २८,००० होता. कंपनीने सहा आठवडे पगारी रजा दिली आणि तेव्हापासून त्या बिनपगारी घरी आहेत. सासूबाई म्हणतात, झालं गेलं विसरा. एफडी मोडू का, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, तुमचं बाळ गेलं. त्याची भरपाई कुठल्याच हिशेबात बसत नाही, आणि तुम्ही पैशांसाठी हे करत आहात असं कुणी म्हणालं तर ते मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला उत्तर हवं आहे आणि ते मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मी बोलणार आहे ते एवढंच, की ते मागताना घर उघड्यावर पडू नये.

सर्वात आधी, त्या कागदावर सही करू नका. निदान आत्ता तरी नको. १,३४,००० ही रक्कम हातात पैसा नसताना मोठी वाटते, पण ती घेऊन तुम्ही काय सोडून देत आहात हे अजून तुम्हालाच माहीत नाही. आणि हातात पैसा का नाही, तेही जरा बघू.

कंपनीने तुम्हाला गर्भपाताची सहा आठवड्यांची रजा दिली. ती २६व्या आठवड्यापर्यंतच्या घटनेसाठी असते. तुमचा ३६वा आठवडा होता. कायद्याच्या लेखी ती प्रसूतीच आहे, कारण मृत जन्मलेलं बाळही 'मूल' या व्याख्येत येतं. कंपनीत दहा किंवा अधिक कर्मचारी असतील आणि आधीच्या बारा महिन्यांत तुम्ही ८० दिवस काम केलं असेल, तर पूर्ण २६ आठवड्यांची पगारी रजा तुमचा हक्क आहे. उरलेल्या वीस आठवड्यांचे तुमच्या पगाराने साधारण १,३०,००० रुपये होतात. रुग्णालय सहीच्या बदल्यात देऊ करतंय जवळपास तेवढेच, आणि हे कुणाच्या मेहेरबानीवर नाहीत. डिस्चार्ज कार्ड जोडून एचआरला लेखी अर्ज द्या. नकार आला तर कामगार विभागाकडे तक्रार करता येते. मला हे सर्वात तातडीचं वाटतं, कारण गरजेपोटी केलेली तडजोड मग करावी लागणार नाही.

आता तक्रारीकडे. ग्राहक आयोगात घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे तुमच्याकडे अजून वीस महिने आहेत. बिल पाच लाखांच्या आत असल्याने जिल्हा आयोगात दाखल करण्याचं शुल्क शून्य आहे. खरा खर्च वकिलांचा आणि तज्ज्ञाच्या मताचा. त्यातही भरपाईत टक्केवारी मागणं वकिलांना त्यांच्या नियमांनी मना आहे, त्यामुळे तो करार करूच नका. शिवाय स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याची कायद्यात तरतूद आहे. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आधी तिथे जा.

तरीही पैसे भरण्याआधी केस पेपर मिळवा. दाखल झाल्याची नोंद, नर्सच्या वेळेसह नोंदी, ठोक्यांच्या मशीनची पट्टी, सोनोग्राफी, संमतीपत्रं, वार (प्लॅसेंटा) तपासणीला पाठवली असेल तर तो रिपोर्ट, सगळं. लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत कागद देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ते घेऊन दुसऱ्या शहरातल्या एखाद्या अनुभवी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि लेखी मत देणार का, फी किती, हे आधीच विचारा. दुपार ते रात्र हा मधला वेळ नोंदींमध्ये कसा दिसतो, सगळं त्यावर अवलंबून आहे. बाळ गेलं एवढ्यावरून हलगर्जी सिद्ध होत नाही. साधारण कुशल डॉक्टरने जे केलं असतं ते झालं का, हे पाहिलं जातं. प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली व्ही. किशन राव खटल्यात म्हटलं आहे. पण तुमच्यासारख्या प्रकरणात ते नसेल तर बाजू लंगडी पडते असं मला वाटतं.

मत तुमच्या बाजूने आलं तर जरूर लढा. एफडीतले दोन लाख मात्र बाजूला, तो सहा महिन्यांचा घरखर्च आहे. ७५,००० तुमच्या तब्येतीसाठी, समुपदेशनासाठी, आणि पुढे कधी बाळाचा विचार केलात तर त्यासाठी. उरलेले ७५,००० ही तक्रारीची कमाल मर्यादा. वकिलांची फी टप्प्याटप्प्याने द्या आणि पावती घ्या. मर्यादा आजच दोघांनी मिळून लिहून ठेवा, कारण तारखा सुरू झाल्या की 'आता एवढं केलंच आहे तर' म्हणत माणूस दागिन्यांपर्यंत पोचतो.

भरपाई उत्पन्नात धरू नका. पत्नीच्या उपचारांतल्या हलगर्जीबद्दल लढलेल्या कुणाल साहा यांना सुमारे सहा कोटी मिळाले हे उदाहरण तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच. त्यांची पत्नी १९९८ मध्ये गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम ठरवली २०१३ मध्ये. कायदा तीन ते पाच महिन्यांत निकाल लावा म्हणतो, प्रत्यक्षात वर्षं जातात आणि वर अपील असतं. दर तारखेला तो दिवस पुन्हा जगावा लागतो, ही किंमत यजमानांशी मोकळेपणाने बोलून ठरवा.

तज्ज्ञांनी 'यात चूक दिसत नाही' म्हटलं, तर ७५,००० मधले बहुतेक पैसे वाचतील आणि तुम्हाला निदान कळलेलं असेल. रुग्णालयाच्या प्रस्तावावर बोलायचं की नाही हे तेव्हा ठरवा, तेही वकिलांनी मसुदा वाचल्यावर. पैसे नकोत, चौकशी हवी, असं वाटलं तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. तिथे भरपाई मिळत नाही, पण डॉक्टरांच्या नोंदणीवर कारवाई होऊ शकते.

या आठवड्यात दोनच अर्ज द्या, एक एचआरला आणि एक रुग्णालयाला. दोन्हीची पोच घ्या. मूळ कागद कुणालाही देऊ नका, वकिलांनाही झेरॉक्सच.