दिलासा रकमेत न मावलेले

प्रश्न : आमच्या सात एकरांपैकी पाच एकर बागायत तीन वर्षांपूर्वी रस्त्यासाठी संपादित झाली आणि सुमारे १ कोटी ४० लाख रुपये मोबदला मिळाला. सोसायटीचे पीककर्ज फेडले, घर बांधले, मुलीला इंजिनिअरिंगला घातले आणि उरलेली रक्कम मुदत ठेवीत ठेवली. राहिलेले दोन एकर कोरडवाहू वाट्याने दिले आणि बैलजोडी विकली. वडील ७२ वर्षांचे आहेत. त्यांना कशाचीही ददात नाही, पण ते बोलेनासे झाले आहेत, जेवण तुटले आहे, आणि रात्री दोन वाजता उठून उशाशी ठेवलेली बॅटरी घेऊन ते फाटकापाशी जाऊन उभे राहतात. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करून दिली. तेव्हापासून तीही फारशी येत नाही. पैसा आला आणि घरातले समाधान गेले, असे भावकीत म्हणतात. आमचे काय चुकले?
— एक वाचक, सिन्नर तालुका

उत्तर : भावकीच्या त्या वाक्यात दोन गोष्टी एका दमात जोडल्या आहेत, त्या आधी सुट्या करू. तुमच्या घरातले समाधान पैशाने नेलेले नाही. दरवर्षी पेरणीच्या तोंडावर सोसायटीच्या सचिवासमोर उभे राहण्याची वेळ ज्या पैशाने टळली, मुलीचे शिक्षण ज्याच्यामुळे अडले नाही, त्या पैशाबद्दल मनात अपराधीपणा बाळगू नका. स्वीडनमधील लॉटरी विजेत्यांचा मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मोठी बक्षिसे मिळालेल्यांचे आयुष्याविषयीचे समाधान दहा वर्षांहून अधिक काळ वाढलेले राहिले, असे त्यात आढळले. मात्र रोजच्या आनंदावर आणि मनःस्वास्थ्यावर त्या रकमेचा परिणाम त्या मानाने कमी दिसला. माझे आयुष्य एकंदरीत ठीक चालले आहे असे म्हणता येणे आणि आजचा दिवस बरा जाणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली पैशाने बरीच साधते, दुसरी तेवढी साधत नाही.

तुमच्या वडिलांना लागू पडणारे संशोधन मात्र दुसरे आहे. अमेरिकेतील डॅनिएल काहनेमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये असे मांडले की वर्षाचे उत्पन्न ७५ हजार डॉलरच्या आसपास पोहोचले की त्यापुढे रोजचा आनंद वाढत नाही. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना अशी मर्यादा कुठे दिसलीच नाही. मग दोन्ही बाजू एकत्र बसल्या, आकडे पुन्हा तपासले आणि २०२३ मध्ये संयुक्त निष्कर्ष आला : बहुतेकांचा आनंद उत्पन्नासोबत वाढतच राहतो, परंतु जे सर्वांत दुःखी आहेत अशा साधारण २० टक्के लोकांचे दुःख एका टप्प्यापर्यंत हलके होते आणि तिथेच थांबते. वियोग किंवा खोलवर मुरलेली उदासी यांसारख्या उरलेल्या दुःखांवर जास्तीचा पैसा चालत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण या संशोधकांनी सुचवले. तो अमेरिकेतला डॉलरचा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा आणण्यात अर्थ नाही. पण मतभेद असलेल्या अभ्यासकांनी एकत्र बसून काढलेला हा निष्कर्ष मला मोलाचा वाटतो, कारण तुमचे वडील नेमके त्या टप्प्यापलीकडे उभे आहेत.

हे आपल्या कायद्यालाही थोडेफार ठाऊक आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार मोबदला ठरल्यावर त्यात तेवढ्याच रकमेची, म्हणजे शंभर टक्के, ‘दिलासा रक्कम’ मिळवली जाते. जमिनीची किंमत दिली तरी इच्छा नसताना ती सोडावी लागणाऱ्याचे काहीतरी देणे उरते, ही कबुली त्या शब्दात आहे. पण त्या देण्यात काय काय मोडते, हे कोणत्याही निवाड्यात लिहिलेले नसते.

तुमच्या पत्रात ते लिहिलेले आहे. रात्री दोनला बॅटरी घेऊन उठणे हे मला वेड वाटत नाही. शेतीपंपाला रात्रीच्या पाळीत लाईट येते, हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्या माणसाने थंडीत मोटर चालू करून कांद्याच्या वाफ्यांना पाणी दिले, बारे मोडले, त्याचे अंग अजूनही त्याच वेळेला जागे होते. आपण उठलो नाही तर पीक सुकेल, ही जी गरज त्यांना रोज अंथरुणातून उठवत होती, ती तीन वर्षांपूर्वी पाच एकरांबरोबर गेली. नवे घर त्यांना सुख देते, परंतु त्या घराचे त्यांच्यावाचून काहीच अडत नाही.

तेव्हा ठेवीतला काही भाग त्या दोन एकरांवर घाला, असे मी आग्रहाने सांगेन. चालू हंगाम संपला की वाट्याचा व्यवहार गोडीने मोडा. शेततळे होऊ शकते का ते कृषी सहायकाला (आताचे सहाय्यक कृषी अधिकारी) विचारा, एखादी गाय आणा, आणि काय पेरायचे, गाय कोणती घ्यायची, हे वडिलांना ठरवू द्या. त्यांचा निर्णय तुम्हाला तोट्याचा वाटला तरी मोडू नका. म्हाताऱ्याला विरंगुळा म्हणून कुंड्या आणून देणे हा मात्र त्यांचा अपमान होईल. हिशेबात हे दोन एकर ठेवीच्या व्याजाइतके देणार नाहीत, हे मला मान्य आहे.

एक गोष्ट मात्र हंगामापर्यंत लांबवू नका. जेवण तुटणे आणि बोलणे बंद होणे हे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलताही येते.

बहिणीविषयी तुम्ही विचारलेले नाही, ओघात दोन ओळी लिहिल्या आहेत. पण पत्र वाचताना मी तिथेच सर्वांत जास्त थांबले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने दिला आणि तो जन्माने मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तिने सही केली म्हणून कागद पुरा झाला असेल. ती येत नाही, याचा अर्थ तिच्या बाजूने तो पुरा झालेला नाही. वडिलांच्या अबोल्यात लेकीचे न येणेही असेल, असे मला वाटते. ठेवीतून तिला काही द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण रक्कम ठरवून, पाकीट घेऊन जाऊ नका. आधी वडिलांना घेऊन तिच्या घरी जा, जेवायला थांबा, आणि सही करताना तिला काय वाटले होते, ते तिला विचारा.