पँट 34ची, पोट 38चं

या वेळच्या पत्रांमध्ये निम्मी बीएमआयवरच, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्यावरच आहेत, म्हणून आधी हिशोब सांगून टाकतो. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं, की आला बीएमआय. आपल्याकडे 23पासून जास्त वजन आणि 25पासून लठ्ठपणा धरतात. जागतिक तक्त्यात हेच आकडे 25 आणि 30 आहेत. आता पत्रांकडे वळू.

मी पारोळ्याजवळच्या गावचा, वय 24, लहानपणापासून आखाड्यात आहे. उंची 170 सेंटिमीटर, वजन 84 किलो. विम्याच्या फॉर्मवर बीएमआय 29 आला आणि मला लठ्ठ ठरवून हप्ता वाढवला. हा काय न्याय?

पैलवान, तुमचा राग बरोबर आहे. वजनकाट्याला मांस आणि चरबी यातला फरक कळत नाही, आणि बीएमआय त्या काट्यावरच उभा आहे. हे सूत्र 1830च्या दशकात बेल्जियमच्या क्वेटले नावाच्या गणितज्ञाने मांडलं. तो ना डॉक्टर होता, ना त्याला कुणाची चरबी मोजायची होती. ‘सरासरी माणूस’ कसा असतो, हा त्याचा शोध होता. बीएमआय हे नाव तर 1972 साली अमेरिकन शास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी दिलं. त्यांच्या अभ्यासात पाच देशांतले सुमारे साडेसात हजार लोक होते. सगळे पुरुष, आणि त्यात भारत नव्हता.

तुम्ही कंबर 82 सेंटिमीटर लिहिली आहे. ती उंचीच्या निम्म्यापेक्षा, म्हणजे 85पेक्षा कमी आहे. तेव्हा काळजी नाही. कंबरेचं माप, बीपी आणि साखरेचा रिपोर्ट जोडून विमावाल्यांकडे फेरविचाराचा अर्ज करा.

पण एक गोष्ट बोलून ठेवतो. माझ्याकडे ‘डॉक्टर, हे मांस आहे’ म्हणत येणारे बहुतेक जण आखाडा सोडून दहा वर्षं झालेले असतात. जोर-बैठका सुटतात, दूध-तूप सुटत नाही.

भुसावळला बँकेत आहे, वय 41. उंची 168, वजन 63, बीएमआय 22.3. सगळे मला ‘सुकडा’ म्हणतात. तरी तपासणीत साखर वाढलेली निघाली. लॅबवाल्यांची चूक असेल का?

लॅबची चूक नसावी. खात्रीसाठी उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) पुन्हा करून घ्या. पण मला तुमच्या पत्रातली दुसरीच ओळ महत्त्वाची वाटली: ‘पँट अजून कॉलेजातल्यासारखी 34चीच लागते.’ भाऊ, ती पँट तुम्ही पोटाच्या खाली बांधता! शर्ट वर करा, शिंप्याची टेप घ्या. सगळ्यात खालची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध ती धरा, श्वास सोडा आणि पोट आत न ओढता मापा. माझ्या दवाखान्यात तुमच्या अंगलटीच्या एका गृहस्थांचं माप असंच घेतलं, तर 96 सेंटिमीटर भरलं, म्हणजे जवळजवळ 38 इंच. ते टेपकडे असे बघत होते, की जणू ती सुरतेहून खोटी आली आहे.

आपल्याकडे पुरुषाची कंबर 90च्या आणि बाईची 80च्या आत हवी. हात-पाय काडीसारखे आणि चरबी पोटात, यकृताभोवती साठलेली, ही आपली खास ठेवण आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली यावर एक मजेशीर फोटो छापला. त्यात ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय 22.3, नेमका तुमचाच आकडा. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. त्याआधीच त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत दाखवलं होतं, की आपली बाळं जन्मतःच वजनाने कमी, पण त्या मानाने चरबीने भरलेली असतात.

म्हणून मला पैलवानापेक्षा तुमची काळजी जास्त वाटते. आकडा मोठा असला तर तो सहसा खरा ठरतो, लहान असला तर पुष्कळदा फसवतो. 2010 साली बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा अंगात जास्त चरबी असलेल्यांपैकी जवळपास निम्मे जण बीएमआयच्या चाळणीतून सुटत होते. आपल्या देशात 2023 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत बीएमआयने लठ्ठ 28.6 टक्के निघाले आणि पोटाने लठ्ठ 39.5 टक्के. ‘मनं वजन ते बराबर शे ना’ म्हणत बसलेले ते मधले लोक. त्यातले तुम्ही.

वजन काट्यावर फार उतरवायचं नाही, कंबर उतरवायची आहे. रोज पाऊण तास झपाझप चाला, आठवड्यातून दोनदा जोर-बैठका काढा. शेवभाजी बंद करा असं म्हणणार नाही, पण तर्री वरून ओतून घेणं थांबवा. कळण्याची भाकरी मैद्याच्या पावापेक्षा केव्हाही चांगली.

शिरपूरच्या ताई विचारतात: जिमच्या मशीनवर सकाळी चरबी 33 टक्के आली, दुपारी 36. एका दिवसात तीन टक्के वाढली?

नाही. ते मशीन पायातून बारीकसा करंट सोडतं आणि अंगातल्या पाण्यावरून चरबीचा अंदाज बांधतं. मे महिन्यातल्या दुपारी घाम गेला, पाणी कमी पडलं, की चरबी जास्त दिसते. मोजायचंच असेल तर नेहमी एकाच वेळी मोजा.

मुलगा 10 वर्षांचा, उंची 140, वजन 42. मोबाईलवरच्या अॅपने बीएमआय 21.4 ‘नॉर्मल’ दाखवला. सासूबाई म्हणतात, खात्यापित्या घरचा आहे. — रावेर

ते अॅप मोठ्यांचं आहे. मुलांचा बीएमआय वय आणि मुलगा-मुलगी बघून तक्त्यावर मांडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात 10 वर्षांच्या मुलग्याचा मधला आकडा 16.4 आहे. तुमचा मुलगा लठ्ठपणाच्या रेषेवर उभा आहे. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. त्याला उपाशी ठेवू नका, उंची अजून वाढायची आहे. पाकिटातलं खाणं आणि मोबाईल कमी करा. सासूबाईंना तक्ताच दाखवा, सुनेच्या तोंडून ऐकायला त्यांना आवडणार नाही.

आबा 74 वर्षांचे, बीएमआय 21. अगदी आदर्श ना? फक्त पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. — धुळे

तुम्ही लिहिलंय, की निवृत्तीच्या वेळी उंची 165 आणि वजन 60 होतं, आता 160 आणि 54. म्हणजे तेव्हा बीएमआय 22 होता, आता 21. सहा किलो गेले आणि आकडा एकानेच हलला, कारण मणके खचून उंचीही घटली. जुन्या उंचीने हिशोब केला तर तो 20च्या खाली येतो. या वयात सहसा आधी मांस जातं, चरबी नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं का, बघा. वजन कशामुळे घटलं ते शोधायला हवं: साखर, थायरॉईड, छातीचा फोटो, दात, आणि जेवण खरंच जातं का. डॉक्टरांकडे जाताना तो पट्टाही घेऊन जा, आणि दुसरं भोक केव्हा पाडलं ते आबांनाच विचारा.