सात मिनिटांत चारधाम कसं बसवायचं?

सुट्ट्या संपल्या की या सदरात प्रवासाचे प्रश्न येतातच, पण यावेळचे वेगळे आहेत. कुठे जाऊ, कुठे राहू असं कोणी विचारत नाहीये, जाऊन आलोय आता ते सांगू कसं असं विचारताय. झूमवर भरणारे भाषणाचे क्लब, म्हणजे टोस्टमास्टर्स आणि त्याच धर्तीवर मराठीतून चालणारे छोटे ग्रुप, लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन आले आणि त्यातले बरेच तिथेच राहिले, कारण ऑफिस सुटल्यावर विरार नाहीतर डोंबिवलीचा माणूस दादरला मीटिंग करून घरी जाणार कधी. मला हे फार आवडलंय. आलेल्या पत्रांतली काही इथे घेतेय.

प्रश्न : ताई नमस्कार, मी बँकेतून रिटायर झाले आणि मैत्रिणीच्या आग्रहाने एका ऑनलाइन क्लबमध्ये जायला लागले. आम्ही मे महिन्यात चारधाम करून आलो म्हणून त्यावरच भाषण घेतलं. तयारी भरपूर केली होती पण हरिद्वार, बारकोट, यमुनोत्री, गंगोत्री करत गुप्तकाशीला पोचले आणि वेळ संपल्याचं लाल कार्ड दिसलं, केदारनाथ राहूनच गेलं. मला खरं तेच सांगायचं होतं. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, खूप वर्षांपूर्वी सासऱ्यांबरोबर तिथे जाऊन आल्या होत्या, आणि यावेळी हट्टाने पायी चढताना सारखं विचारत होत्या की रामबाडा कधी येणार, तिथे म्हणे दोघांनी चहा घेतला होता. एवढं सगळं सात मिनिटांत कसं बसवू? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : बसवूच नका. बोलताना आपण मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द बोलतो. नेहमीच्या भाषणाला पाचव्या मिनिटाला हिरवं कार्ड, सहाव्याला पिवळं, सातव्याला लाल, आणि वर अर्ध्या मिनिटाची सवलत, म्हणजे तुमच्याकडे साधारण आठशे शब्द आहेत. त्यात चार धाम कोंबले की हातात राहते नुसती गावांची यादी, आणि ती तर टूरवाल्यांच्या पत्रकातही असते. आठशे शब्दांत अर्धा दिवस मात्र ऐसपैस मावतो.

आणि तो अर्धा दिवस तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून टाकलाय. ते वाक्य वाचलं आणि मी पत्र खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसले. कारण केदारनाथची पायी वाट सुरू होते त्या गौरीकुंडहून वर जाताना निम्म्या वाटेवर रामबाडा लागायचं, दुकानं होती, मुक्कामाची सोय होती, येणारे-जाणारे सगळे तिथे टेकायचे, आणि जून २०१३ च्या पुरात ते अख्खंच्या अख्खं वाहून गेलं. आता वाट तिथे पूल ओलांडून मंदाकिनीच्या पलीकडच्या काठाने वर जाते आणि अंतरही वाढून सोळा किलोमीटरच्या आसपास झालंय. तर मला सांगा, सासूबाई विचारत होत्या तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं का? असेल तर काय म्हणालात, येईल हो थोडंच राहिलंय असं म्हणत चालत राहिलात की सांगून टाकलंत? आणि पुलाशी पोचल्यावर त्या थांबल्या का, काय बोलल्या, की काहीच न बोलता काठी टेकत पुढे गेल्या? तुमच्या क्लबातला कोणीही, मग तो हिमालयात गेलेला असो नसो, हे ऐकायला कान टवकारेल.

सुरुवात थेट वाटेवरून करा. समजा असं काही, "'अहो सूनबाई, रामबाडा आलं का?' सासूबाईंनी पुन्हा विचारलं, आणि मला तर माहीत होतं की त्या विचारतायत ते गाव आता तिथे नाहीये." (तुम्हाला माहीत नसेल तर अर्थातच असं म्हणू नका, जे घडलं तेच सांगा, ते पुरेसं आहे.) पुराची माहिती इथेच दोन वाक्यांत द्या, म्हणजे ती माहिती म्हणून ऐकू येत नाही, लोकांना तेव्हा ती हवीच असते. हरिद्वार-बारकोटला एक वाक्य. मंदिराचं वर्णन जवळजवळ नकोच, फोटो सगळ्यांनी पाहिलेत, सासूबाईंनी मंदिर दिसल्यावर काय केलं ते सांगा.

आणि बोलायच्या आधी एक दुपार त्यांच्याशेजारी बसून त्या चहाबद्दल विचारा. थंडी किती होती, पितळी पेला की काचेचा ग्लास, सासरे काय म्हणाले होते. गुगलवर हे मिळणार नाही आणि त्यांच्यानंतर कोणाकडेच मिळणार नाही.

प्रश्न : मी प्रवासाच्या भाषणाला ४० फोटोंची स्लाइड करते, स्क्रीन शेअर करून बोलते. लोक छान छान म्हणतात पण नंतर कोणाला काही आठवत नाही. काय चुकतंय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : स्क्रीन शेअर केली की तुमचा चेहरा कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढा होतो, आणि निम्मे लोक मोबाइलवर असतात त्यांना बहुतेक तोही दिसत नाही. मग ते फोटो बघतात आणि तुमचं बोलणं मागे रेडिओसारखं चालू राहतं. आपल्याकडे कीर्तनकाराच्या हातात काय असतं हो, चिपळ्या, आणि मागे पेटी-तबला, तरी समोर बसलेल्या बायका डोळ्याला पदर लावतात. चित्र ऐकणाऱ्याला स्वतःला काढू द्या.

एकच फोटो ठेवा, आणि तोही तुम्ही ती जागा सांगून झाल्यावर दाखवा, दहा-पंधरा सेकंद, की शेअरिंग बंद आणि परत तुम्ही. त्याहून छान म्हणजे एखादी वस्तू कॅमेऱ्यासमोर धरा, बसचं चुरगळलेलं तिकीट, तिथल्या बाजारातली लाकडी कंगवी, काहीही.

लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं घाला म्हणजे कॅमेरा डोळ्यांच्या लेव्हलला येतो, नाहीतर सगळ्यांना तुमचं सीलिंग आणि फिरणारा पंखा दिसतो. बोलताना कॅमेऱ्याच्या बारक्या भिंगाकडे बघा, लोकांच्या चौकटींकडे नाही. आणि सगळे म्यूटवर असतात, हसले तरी ऐकू येत नाहीत, त्यामुळे आपण घाबरून पुढे पळतो. पळू नका, हसायला जागा सोडून थांबाच. होस्टला आधी सांगून दोन-तीन शांत घरातल्या लोकांना अनम्यूट ठेवायला सांगितलंत तर खूप फरक पडतो, एक माणूस जरी खुदकन हसला तरी बोलणाऱ्याला हुरूप येतो.

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांचा आहे, विक्रोळीला राहतो, कुरिअर कंपनीत डेटा एंट्री करतो. आमच्या क्लबमध्ये दुबईचे, पुण्याचे, न्यू जर्सीचे लोक आहेत आणि या महिन्याची थीम आहे माझा अविस्मरणीय प्रवास. कोणी स्वित्झर्लंड सांगतं कोणी जपान. मी आयुष्यात गणपतीला कुडाळला गावी जातो तेवढाच. मी नाव दिलं नाहीये अजून. काहीतरी बनवून सांगू का? (एक वाचक, विक्रोळी)

उत्तर : अजिबात बनवून सांगू नकोस, आणि आजच नाव दे. हे क्लब ज्यांच्यापासून सुरू झाले ते राल्फ स्मेडली, त्यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावात वायएमसीएच्या तळघरात पहिला टोस्टमास्टर्स क्लब भरवला तो साध्या तरुण पोरांना चारचौघांत बोलता यावं म्हणून. फिरून आलेल्या श्रीमंतांसाठी नव्हे. तू तिथे पाहुणा नाहीयेस, ती जागा तुझीच आहे.

आता तुझा प्रवास बघू. गणपतीच्या गाडीचं तिकीट काढणं हेच मुळात एक प्रकरण आहे. नोव्हेंबर २०२४ पासून बुकिंग १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, सकाळी आठ वाजता, आणि घरातले तीन-चार जण तीन-चार मोबाइल घेऊन बसतात, बरोबर ना? मिळतं कोणाला, वेटिंग कोणाला, मग जनरल डब्यात दारापर्यंत माणसं, सामानात मखराचे तुकडे, कोणाच्या मांडीवर कोणाचं मूल. त्या गर्दीत रात्री तू कुठे बसला होतास? बसला होतास की उभा होतास? बाजूला कोण होतं? ते सांग.

मग रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटरचा. खिडकीतून थंड, ओलसर हवा येते, रुळांचा आवाज एकदम दुप्पट होतो, फोनची रेंज जाते आणि रात्रभर मोबाइलवर बोलणारा माणूस नाइलाजाने गप्प होतो. पोरं मात्र ओरडायला लागतात. रत्नागिरी सोडलं की पानवलचा पूल, खाली ६४ मीटर खोल, पहिल्यांदा जाणाऱ्याला कोणीतरी हमखास उठवून दाखवतं, बघ बघ खाली बघ. तुला कोणी दाखवला होता? नाव-गाव-चेहरा आठवत असेल तर तिथूनच भाषण सुरू कर.

आणखी एक काम कर. कोकण रेल्वेची पूर्ण लाइन सुरू झाली १९९८ च्या जानेवारीत, तुझ्या जन्माच्या आधी. तुझे आईबाबा लाल एसटीने कशेडी घाट चढून जायचे, आजोबांच्या पिढीतले कित्येक जण भाऊच्या धक्क्यावरून बोटीने. आज रात्री जेवताना विचार त्यांना, गावी जायला किती वेळ लागायचा, उलट्या कोणाला व्हायच्या, रात्री गाडी जेवायला कुठे थांबायची. एकाच गावाला जाणाऱ्या एकाच घरातल्या तीन पिढ्या, हे स्वित्झर्लंडला आठ दिवस जाऊन आलेल्या माणसाकडे नसतं. त्याचा प्रवासही चांगलाच असेल, त्याला कमी लेखायचं कारण नाही, पण तुझा त्याच्यापेक्षा तसूभरही लहान नाही. आणि मालवणी वाक्य येतील तशी मालवणीतच बोल, आजी म्हणाली तसंच. न्यू जर्सीवाल्यांपैकी एखाद्याचं तरी मूळ गाव तिकडचं निघेल आणि मीटिंग संपल्यावर तो तुला शोधत येईल बघ.

प्रश्न : आमच्या क्लबातल्या एका ज्येष्ठ काकांच्या रायगडावरच्या भाषणाचं मूल्यमापन माझ्याकडे आलंय. त्यांची भाषणं म्हणजे सनावळ्या, बुरुजांची नावं, पायऱ्या किती, सगळं पाठ, पण ऐकताना लोक कॅमेरा बंद करून टाकतात. वयाने एवढे मोठे, त्यांना कसं सांगू? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : खरं सांगायचं, पण त्यांच्याच भाषणातल्या चांगल्या जागेवर बोट ठेवून सांगायचं. इतकं पाठ असणाऱ्या माणसाचं त्या गडावर प्रेम असतं हो, ते फक्त सनावळ्यांखाली दबलंय. तुमच्याकडे दोन ते तीन मिनिटं असतात, त्यात दहा चुका काढू नका, एकच गोष्ट मागा. मी असं काहीसं म्हणेन : "काका, राज्याभिषेक ६ जून १६७४ चा, हे तुम्ही कागद न बघता सांगितलंत, मला एवढं कधी पाठ होणार नाही. पण हिरकणी बुरुजाचं नाव घेताना तुम्ही क्षणभर थांबलात आणि तुमचा आवाज बदलला. तिथे तुम्हाला काय आठवलं ते तुम्ही सांगितलं नाहीत, आणि मला ते ऐकायचं होतं. पुढच्या वेळी रोपवेने न जाता पायऱ्या चढून गेलेले तुम्ही त्या गोष्टीत दिसलात तर मी एक मिनिटही कॅमेरा बंद करणार नाही."

अर्थात ते खरंच कुठे थांबले ते नीट ऐकून टिपून ठेवा, माझं वाक्य उसनं घेऊ नका. त्यासाठी भाषण चालू असताना पेन-कागद घेऊन बसा. कॅमेरा बंद करायची सवय मात्र तुमच्या क्लबातल्या लोकांना वेगळी सांगा, समोर काळ्या चौकटी दिसल्या की मोठमोठ्या वक्त्यांचा धीर सुटतो, काकांचा का सुटणार नाही. एअरपॉड लावून भाजी चिरत ऐकणाऱ्यांनाही हे सांगाच.

प्रश्न : थायलंडला मिस्टरांचा पासपोर्ट हॉटेलात राहिला आणि एअरपोर्टवर आमचं जोरात भांडण झालं, मी ते मजेत सांगितलं, लोक खूप हसले. पण रेकॉर्डिंग क्लबच्या यूट्यूबवर गेलं, नणंदेने बघितलं, आता घरात अबोला आहे. (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : आधी क्लबच्या अध्यक्षांना मेसेज टाकून तो व्हिडिओ काढायला सांगा, कोणी नाही म्हणणार नाही. मग मिस्टरांना, काही कारणं न देता, व्हिडिओ काढला एवढं सांगा आणि सॉरी म्हणा.

पुढे घरच्यांबद्दल काही सांगायचं असेल तर आधी त्यांना ऐकवा, त्यांच्यासमोर उभं राहून, पूर्ण. ते नको म्हणाले तर नकोच, प्रवासात दुसरं पुष्कळ घडलेलं असतं. मीटिंग सुरू व्हायच्या आधी रेकॉर्डिंग होणार का, कुठे टाकणार हे विचारायची लाज बाळगू नका, तो तुमचा हक्क आहे. मुलांचे चेहरे, हॉटेलच्या खोलीचा नंबर, पासपोर्टचा फोटो यातलं काहीही स्क्रीनवर नको. आणि घराला कुलूप लावून निघायच्या आधी आम्ही अमुक तारखेपासून पंधरा दिवस नसणार असं क्लबात उत्साहाने सांगणाऱ्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती, ते आल्यावर सांगा.

मिस्टर बोलायला लागले की त्यांनाच एकदा क्लबला पाहुणे म्हणून घेऊन या, ऑनलाइन क्लबात पाहुण्यांना बहुतेक ठिकाणी फुकट बसता येतं. पासपोर्टची त्यांची बाजू त्यांना सांगू दे.