आजोबांचे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे ड्रॉप्स आमच्या पग कुत्र्याच्या डोळ्यात घालू का?

नका घालू, ताई. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर माणसांना देतात त्या ड्रॉप्समध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं, डेक्सामेथासोन नाहीतर प्रेडनिसोलोन. बाटलीवर वाचा, सापडेल. तुम्ही लिहिलंय की पगचा उजवा डोळा परवापासून लाल आहे, पाणी गळतंय आणि तो डोळा उघडतच नाही. डोळा उघडत नाही म्हणजे दुखतोय. आणि पगचा एकच डोळा असा दुखत असेल तर कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागावर, जखम आहे असंच धरून चालायचं. जखमेवर स्टेरॉइड पडलं की लाली उतरते, घरचे निर्धास्त होतात आणि जखम खोल जात राहते. वेळ आली तर कॉर्नियाला भोकही पडतं.

आजच डॉक्टरकडे न्या आणि फ्लुरोसीन टेस्ट करायला सांगा. नारंगी रंगाची कागदी पट्टी असते. ती लावून डोळा धुतला की जखमेवर रंग धरतो आणि निळ्या प्रकाशात हिरवा चमकतो. दोन मिनिटांचं काम. ही टेस्ट न करता कोणी 'ॲलर्जी आहे' म्हणून ड्रॉप्स लिहून दिले तर स्पष्ट विचारा, यात स्टेरॉइड आहे का? एक गोम मात्र आहे: जखम कॉर्नियाच्या अगदी शेवटच्या पातळ पडद्यापर्यंत गेली असेल तर तिचा मधला भाग रंग धरत नाही, फक्त कडा चमकते. ती इमर्जन्सी.

त्याच वेळी अश्रू किती येतात ते मोजायचीही पट्टी लावून घ्या, पण ती कुठलाही ड्रॉप घालण्याआधी. एका मिनिटात 15 मिमी किंवा जास्त ओलं झालं तर ठीक. 10 च्या खाली म्हणजे डोळा कोरडा, मग अश्रू वाढवणारं सायक्लोस्पोरिनचं मलम बहुधा जन्मभर. पगचे डोळे बाहेर आलेले, झोपेतही पूर्ण मिटत नाहीत. त्यात आपला सोलापूरचा उन्हाळा, धूळ, आणि कुत्रा कूलरच्या झोतासमोर पसरलेला. कूलरची दिशा तरी बदला.

साधी वरवरची जखम आठवडाभरात भरते. नाही भरली तर औषध बदलत बसू नका, कारण शोधा: आत वळलेली पापणी, नाकाच्या घडीतले केस, कोरडेपणा. तोवर डोळा खाजवू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर हवीच, रात्रीसुद्धा. गुलाबपाणी, मध, तूप काही नको. पुसायचं तर उकळून गार केलेलं पाणी आणि स्वच्छ मऊ कापड. दुखतंय म्हणून घरातली आयब्युप्रोफेन तर अजिबात नाही.

बाहुली मोठी झालेली, डोळा निळसर आणि टणक वाटला तर तो काचबिंदू असू शकतो. तिथे हिशेब तासांचा, उद्यावर ढकलू नका. दोन्ही डोळे लाल, आत रक्त, वर ताप असेल तर गोचीड तापासाठी रक्त तपासा, प्लेटलेट्ससकट. आपल्याकडे गोचीड काही कमी नाहीत.

ऑपरेशनची वेळ आलीच तर उदगीर आणि शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, मुंबईत परळला आहे. निघण्याआधी फोन करून डोळ्याचं ऑपरेशन करणारे सर्जन त्या दिवशी आहेत का, एवढं विचारून घ्या.