वाचक विचारतात : विश्रामबागेचा चढ

प्रश्न : आमचं घर सांगलीत गावभागात, सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेलं. 2005, 2019 आणि 2021, तिन्ही वेळा पुराचं पाणी घरात आलं. मुलगा म्हणतोय हे विकू आणि विश्रामबागला फ्लॅट घेऊ. सासरे सांगायचे की त्यांच्या लहानपणी तिकडं नुसता माळ होता, दिवेलागणीनंतर कुणी फिरकायचं नाही. मग एवढी वस्ती झाली कशी? आणि तिथं पाणी खरंच येत नाही का?
– एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : ताई, सासरे सांगायचे ते खरंच आहे. मी स्वतः गावभागातून सायकलवर विश्रामबागच्या विलिंग्डन कॉलेजला जायचो, चार वर्षं. राममंदिर, पुष्पराज चौक करत मार्केट यार्ड मागं टाकलं की पॅडल जड व्हायचं, समोरून वारा असला की उभं राहूनच मारावं लागायचं, आणि परत येताना मात्र सायकल आपोआप पळायची. तेव्हा त्या चढाचा नुसता वैताग यायचा. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या चढातच आहे हे मला कळलं ते 2019 ला, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा. तिथं धोक्याची पातळी 45 फूट आहे बघा. मारुती चौक, हरभट रोड पाण्यात, आणि आमचं अख्खं कुटुंब विश्रामबागला मावसभावाच्या दोन खोल्यांत, अकरा माणसं.

पण वस्ती पुरामुळं सुरू झाली नाही. आधी गेली ती कॉलेजं. डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं 1919 ला विलिंग्डन कॉलेज तिथं काढलं, कारण कॉलेज, होस्टेल, मैदान एवढं सगळं मावेल अशी मोकळी जागा जुन्या पेठांत कुठून मिळणार, आणि मुलं काय एकट्या सांगलीची नव्हती, मिरजेची होती, पार कर्नाटकातलीही होती. पुढं कन्नडमध्ये ज्ञानपीठ मिळालेले वि. कृ. गोकाक इथं प्राचार्य होते, हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत असतं? मग 1947 ला धोंडुमामा साठ्यांनी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, त्याला 1955 पासून वालचंद हिराचंदांचं नाव आहे. कॉलेज आलं की प्राध्यापक आले, त्यांनी बंगल्या बांधल्या, मग मेस, झेरॉक्स, सायकल दुकान, वडापाव, हे ओघानंच आलं. मिरजेच्या बाजूला वानलेसवाडी आहे ना, तिथंही आधी क्षयरोग्यांचं सॅनेटोरियमच आलं, डॉ. वानलेस यांच्या नावाचं. म्हणजे दोन्ही टोकांना, मोकळी हवा आणि मोकळी जमीन ज्यांना लागत होती तेच पहिले गेले.

आता दुसरं कारण, आणि मला ते सगळ्यात मोठं वाटतं. सांगली आणि मिरज यांच्यात अंतर जेमतेम दहा किलोमीटर, पण कामं वाटलेली. सांगलीत बाजारपेठ, हळदीचे सौदे, ऑफिसं, तर मिरजेत रेल्वे जंक्शन आणि दवाखाने. नवरा सांगलीत बँकेत, बायको मिरजेला सिव्हिलमध्ये नर्स, अशा जोडप्यानं राहायचं कुठं? मध्ये. सकाळी दोघं एकाच स्टॉपवर येणार, एक या बाजूच्या सिटी बसमध्ये चढणार, दुसरा रस्ता ओलांडून त्या बाजूच्या. माझ्या मावसभावाच्या घरी वीस वर्षं हेच चाललं, दोघांच्या डब्यांची झाकणं वेगळ्या रंगाची होती, गडबडीत बदली होऊ नयेत म्हणून. मुंबईच्या उपनगरातली माणसं सकाळी सगळी एकाच दिशेला जातात, विश्रामबागची दोन दिशांना जातात. म्हणून मी याला सांगलीचं उपनगर म्हणत नाही, दोन्ही गावांचं म्हणतो. 1998 ला सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एकच महापालिका झाली, कुपवाडला एमआयडीसी आहेच, नंतर कलेक्टर ऑफिस आणि कोर्टही शेजारच्या विजयनगरला आलं, आणि मग शंभर फुटी रोडला जागा बघता बघता भरली.

पाण्याचं विचाराल तर, विश्रामबाग चौक, विलिंग्डनचा परिसर हा भाग उंच आहे, कृष्णेचं पाणी तिथवर येत नाही. पण उपनगर म्हणजे सगळं उंचच असं धरून चालू नका हो. शामरावनगरसारखा भाग सखल आहे, तिथं नुसत्या पावसाचं पाणीसुद्धा दिवस दिवस साचून राहतं, आणि जाहिरातीत मात्र सगळंच 'विश्रामबागजवळ' असतं. जागा बघायला मे महिन्यात जाऊ नका, जुलैमध्ये जा, पाऊस पडत असताना जा. शेजारच्या जुन्या घराच्या कंपाउंडच्या भिंतीवर पाण्याची रेघ दिसते का बघा, आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा 2019 ला तुम्ही माल कुठं हलवला होता. हलवला नव्हता म्हणाला तर पुढचं बोलणं करा.

प्रश्न : सांगलीत स्टेशन चौक आहे, पण तिथं स्टेशनच नाही. असं का?
– एक विद्यार्थी, विश्रामबाग

उत्तर : कारण पूर्वी होतं. पुणे-मिरज ही जुनी मीटर गेज लाईन सांगली गावातून जातच नव्हती, माधवनगरवरून जायची. म्हणून सांगली संस्थानानं 1907 ला मिरजेपासून साधारण पाच मैलांचा स्वतःचा फाटा आणला, त्याचं स्टेशन गावात होतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॉडगेज आलं तेव्हा मेन लाईनच सांगलीतून घेतली, नवीन स्टेशन आत्ता आहे तिथं झालं, जुनं बंद पडलं आणि चौकाला नाव तेवढं राहिलं. तुम्ही विश्रामबागलाच राहता तर तुमचं स्टेशनही याच नव्या लाईनवर आहे, सांगली आणि मिरजेच्या मध्ये. छोटंसं आहे, पण सकाळी प्लॅटफॉर्मवर जाऊन बघा एकदा, पॅसेंजर थांबली की दप्तरं पाठीला लावलेली किती पोरं उतरतात ते.